थर्मोकार्स्ट तळ्याचा गाळ आणि बर्फाच्या पाचरी: वयं उलटी, तापमानं परस्परविरुद्ध

उत्तरायण (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी,

सैबेरियातल्या लेना नदीच्या त्रिभुज प्रदेशाच्या पूर्वेला, बायकोव्स्की द्वीपकल्पाकडच्या येदोमा भागातला एक तळ्याचा कोअर (नळी घुसवून काढलेला गाळाचा उभा नमुना) विश्लेषणासाठी हातात आहे. येदोमा म्हणजे काय हे ज्यांना नवं असेल त्यांच्यासाठी: हिमयुगात साठत गेलेली बारीक मातीची जाड रास, जिच्यात आकारमानाने अर्ध्याहून जास्त बर्फच असतो. तळं थर्मोकार्स्टचं आहे, म्हणजे जमिनीतला बर्फ वितळून जमीन खचली आणि त्या खळग्यात पाणी साठलं. पाण्याची खोली साडेतीन मीटर, कोअर जवळपास पाच मीटर. त्याच परिसरातल्या किनारी कड्यातून बर्फाच्या पाचरींचे (जमिनीतल्या तड्यांत उभ्या वाढलेल्या बर्फाचे) नमुनेही आले आहेत. उद्देश होलोसीनमधलं, म्हणजे गेल्या ११,७०० वर्षांतलं तापमान आणि वनस्पती उभ्या करण्याचा.

दोन ठिकाणी गाडी अडली आहे.

एक, गाळातल्या सरसकट सेंद्रिय कार्बनवर रेडिओकार्बन वयं काढून घेतली होती. सगळ्यांत वरच्या २ सेंमीचंच वय साडेचार हजार वर्षं येतंय. शिवाय ३ मीटरवरचा थर ४ मीटरवरच्या थरापेक्षा जुना निघतोय. एक सल्ला असा मिळाला की वरच्या थराचं वय सगळ्या वयांतून वजा करायचं आणि पुढे जायचं. हे चालतं का?

दोन, कायरोनोमिडच्या (न चावणाऱ्या चिलटांच्या) अळ्यांवरून काढलेलं जुलैचं तापमान होलोसीनच्या सुरुवातीला जास्त आणि नंतर उतरतं दिसतंय. पाचरींमधला ऑक्सिजन-१८ (ऑक्सिजनचा जड समस्थानिक, थंडीत पडलेल्या हिमात तो कमी असतो) मात्र जुन्या बर्फात कमी आणि नव्या बर्फात जास्त आहे, म्हणजे तापमान चढतं. यातलं खरं कुठलं मानायचं?

तळगाळ

आधी वजाबाकीबद्दल. अजिबात करू नका, आणि का नको ते आकड्यांत बघा.

वरचा गाळ आजचा आहे असं धरू. त्यात ३०,००० वर्षं जुना येदोमातला कार्बन मिसळला आणि मिश्रणाचं वय ४,५०० आलं, तर जुन्या कार्बनचा वाटा साधारण ४४ टक्के बसतो. हा वाटा २० टक्क्यांवर आला तर तीच चूक सुमारे १,७५० वर्षांची होते, आणि ७० टक्क्यांवर गेला तर ९,२०० वर्षांची. थर्मोकार्स्ट तळ्याचा काठ एका वेगाने कधीच झिजत नाही. एखाद्या उन्हाळ्यात मोठा कडा कोसळतो, मग काही शतकं काठ गवताने धरून राहतो. त्यामुळे वाटा थराथराला बदलतो आणि त्याच्याबरोबर चूकही. तुमचा ३ मीटरचा थर ४ मीटरपेक्षा जुना दिसतोय त्याचं पहिलं संशयित कारण हेच: त्या काळात काठ कोसळत होता.

उपाय म्हणजे जमिनीवरच्या वनस्पतींचे ओळखता येणारे अवशेष वेचून त्यांचं वय काढणं. कोअर अर्धा उभा चिरलेला असेल तर नळीच्या भिंतीलगतचा २–३ मिमी गाळ आधी खरवडून टाका, कारण नळी आत घुसताना वरचा गाळ भिंतीने खाली ओढला जातो. मग १ ते २ सेंमी जाडीचा काप घ्या. साध्या पाण्यात भिजवून हलक्या धारेखाली चाळा, २५० मायक्रॉनची चाळणी वर आणि १२५ ची खाली. चिकणमाती सुटतच नसेल तर सोडियम पायरोफॉस्फेटचं सौम्य द्रावण वापरा, त्यात कार्बन नसतो. द्विनेत्री सूक्ष्मदर्शकाखाली १० ते ४० पटीत वेचा.

वेचायचं काय: ड्रायसची पानं, ध्रुवीय विलोची पानं आणि कळ्यांचे खवले, खुज्या बर्चची फळं, केरेक्स या गवतासारख्या वनस्पतीच्या बिया. टाळायचं काय: लाकडाचे तुकडे (टिकाऊ असतात, कितीही वेळा वाहून पुन्हा बसतात), मुळं (वरून खाली घुसलेली असू शकतात) आणि पाण्यातलं शेवाळ किंवा पोटॅमोजेटॉनसारख्या पाणवनस्पती. पाणवनस्पती पाण्यातलाच कार्बन घेतात, आणि येदोमाच्या तळ्यात विरघळलेला कार्बनही जुनाच असतो.

वेचलेलं शुद्ध पाण्याने धुऊन काचेच्या कुपीत, ॲल्युमिनियम फॉइलने झाकून, ६० अंशांवर वाळवा. कागदावर किंवा कापसावर नको, त्यांचे धागे म्हणजे आजचा कार्बन. ओले अवशेष फ्रिजमध्ये महिनोन् महिने ठेवणं ही सर्रास दिसणारी चूक आहे. त्यावर बुरशी धरते, ती हवेतला आणि पाण्यातला ताजा कार्बन घेते आणि वय कमी येतं. वाळल्यावर २ ते ५ मिलिग्रॅम असेल तर निश्चिंत राहा. १ मिलिग्रॅमच्या खाली असेल तर प्रयोगशाळेला आधी कळवा, म्हणजे ते ग्रॅफाइट न करता थेट वायूवर मोजायचं की नाही ते ठरवतील.

आम्ल-अल्क-आम्ल धुणीत अल्काची मात्रा सौम्य ठेवायला सांगा. कोवळी पानं १ मोलर सोडियम हायड्रॉक्साइडमध्ये गरम केली की विरघळून जातात आणि कुपीत काही उरत नाही. शेवटची आम्लाची पायरी मात्र गाळू देऊ नका. अल्क हवेतला कार्बन डायऑक्साइड ओढून घेतं, तो हाकलायला ती पायरी असते.

आता एक सावधगिरी. इतरत्र "पान अखंड आहे, म्हणजे लांबून आलेलं नाही, म्हणजे वय विश्वासार्ह" असा ठोकताळा चालतो. येदोमात चालत नाही. पर्माफ्रॉस्टमध्ये (कायम गोठलेल्या जमिनीत) ३० हजार वर्षांपूर्वीचं पान शिरांसकट शाबूत राहतं आणि काठ ढासळला की तसंच्या तसं तळ्यात येतं. म्हणून निदान दोन थरांमध्ये वेगवेगळ्या वनस्पतींची दोन-तीन वयं घ्या. ती जुळली तर उत्तम. जुळली नाहीत तर सगळ्यांत कमी वय खऱ्या वयाच्या सगळ्यांत जवळ असतं, अर्थात मुळं आणि बुरशी यांची शक्यता आधी काढून टाकलेली असली पाहिजे.

मांडवीकाठ

वजाबाकी "अजिबात नको" हे थोडं सरसकट झालं असं वाटतं. आर्क्टिकमध्ये सगळीच तळी थर्मोकार्स्टची नाहीत. कठीण खडकातल्या, हिमनदीने कोरलेल्या खळग्यातल्या तळ्यात, जिथे पाणलोटात माती जेमतेम आहे, तिथे जुन्या कार्बनचा वाटा बऱ्याच काळ स्थिर राहू शकतो. पान-फळ काहीच सापडत नसेल तर तिथे काही थरांत सरसकट वय आणि अवशेषाचं वय अशा जोड्या लावून फरक तपासायचा, आणि फरक स्थिर निघाला तर तो वापरायचा, हे मान्य व्हायला हरकत नाही. जोड्या न लावता नुसतं वरचं वय वजा करणं कुठेच नको, यावर एकमत.

बाकी कोअर हाताळणीबद्दल दोन गोष्टी, कारण तुमच्याकडे दोन प्रकारचे नमुने आहेत आणि त्यांच्या गरजा एकमेकांच्या उलट आहेत. तळ्याचा गाळ गोठू द्यायचा नाही: गोठला की बर्फाचे स्फटिक थर फोडतात, पाणी सरकतं, आणि नंतर एक्सआरएफ (क्ष-किरणांनी मूलद्रव्यं मोजणाऱ्या) स्कॅनरवर जे पट्टे दिसतात ते निसर्गाचे की फ्रीझरचे हे सांगता येत नाही. त्याला ४ अंश. पर्माफ्रॉस्टचा कोअर आणि पाचरीचा बर्फ वितळू द्यायचा नाही, त्याला उणे १८ किंवा त्याखाली. एप्रिल-मे मध्ये तळ्यावरच्या दीड-दोन मीटर बर्फातून भोक पाडून कोअर काढतात तेव्हा बाहेर उणे २० असतं, म्हणजे गाळाच्या नळ्या उष्णतारोधक पेटीत ठेवून उबेला न्याव्या लागतात आणि शेजारची पर्माफ्रॉस्टची पेटी उघड्यावर राहते. एकाच पेटीत दोन्ही भरून पाठवले तर एकाचा तरी निकाल लागतो. तुमचे नमुने कसे आले याची नोंद मागवून घ्या.

वरच्या २ सेंमीच्या वयावर मला दुसरीही शंका आहे. पिस्टन कोअररने वरचा मऊ गाळ बहुतेक वेळा उडवला जातो किंवा ढवळला जातो. वरच्या अर्ध्या मीटरसाठी वेगळा गुरुत्व-कोअर (स्वतःच्या वजनाने गाळात घुसणाऱ्या नळीचा) घेतलाय का? त्यात गाळ आणि पाणी यांची सीमा स्वच्छ दिसते का, वरचं पाणी नितळ होतं का, हे बघा. गुरुत्व-कोअर जास्त जोरात सोडला तर नळी गाळाच्या वर टोकापर्यंत भरते आणि खरा पृष्ठभाग बाहेर सांडतो.

तो असेल तर शिसं-२१० आणि सिझियम-१३७ करून घ्या. शिसं-२१० चं अर्धायुष्य २२.३ वर्षं, त्यामुळे शेवटची १००–१५० वर्षंच कळतात. आर्क्टिकमध्ये गोठलेली जमीन आणि तळ्यावरचा बर्फ यामुळे त्याचा पुरवठाही क्षीण असतो, तेव्हा वरच्या काही सेंटिमीटरमध्येच खेळ संपतो. म्हणून अर्धा सेंमीचे काप हवेत, १ सेंमीचे नकोत. गॅमा मोजणीआधी नमुना हवाबंद डबीत निदान तीन आठवडे ठेवावा लागतो, म्हणजे रेडियम-२२६ आणि त्याची अपत्यं समतोलात येतात. घाई केली की आधारभूत शिसं (गाळातल्या रेडियमपासूनच बनणारं) चुकतं आणि पाठोपाठ वयंही. सिझियमचं १९६३ चं, अणुचाचण्यांमुळे आलेलं शिखर हा पडताळा. पण सेंद्रिय भाग जास्त आणि चिकणमाती कमी असलेल्या गाळात सिझियम वर-खाली झिरपतं, तेव्हा शिखर पसरट दिसलं तर त्यावर फार भार टाकू नका.

खालच्या टोकाचं काय? पाच मीटरचा सगळा कोअर तळ्याचाच गाळ आहे हे गृहीत धरू नका. तळ्याखालची जमीन वितळलेली असते, तिला तालिक म्हणतात. पिस्टन तळ्याचा गाळ ओलांडून सहज वितळलेल्या येदोमात उतरतो. त्या थराला टॅबेराइट म्हणतात. दिसायला तोही करडा, बारीक, घट्ट; पण त्यात तळ्यातले डायटम (सिलिकाच्या कवचाची सूक्ष्म शैवालं) नसतात आणि जागच्या जागी वाढलेली बारीक मुळं असतात. तिथे वय एकदम १५–२० हजार वर्षांनी उडी मारतं आणि लोक त्याला गाळात पडलेला खंड समजतात. स्मिअर स्लाइड करा (चिमूटभर गाळ काचेवर पसरून सूक्ष्मदर्शकाखाली बघा), काही मिनिटांचं काम आहे.

पाचर_१८

दुसऱ्या प्रश्नाचं माझं उत्तर: दोन्ही खरं असू शकतं. तुमच्या दोन नमुन्यांमध्ये दोन वेगळे ऋतू आहेत.

पाचर कशी वाढते ते बघा. हिवाळ्यात कडाक्याच्या थंडीने जमीन आकसते आणि तडकते. तडा काही मिलिमीटरच रुंद असतो, खोली मात्र मीटरमध्ये. वसंतात वितळलेल्या बर्फाचं पाणी त्यात उतरतं आणि खालच्या गोठलेल्या जमिनीत लगेच गोठतं. पुढच्या एखाद्या हिवाळ्यात तडा पुन्हा बहुधा मधोमधच पडतो. अशा हजारो उभ्या शिरा मिळून पाचर होते. म्हणजे तिच्यातलं पाणी हिवाळी हिमवर्षावाचं, उन्हाळी पावसाचा त्यात जवळपास अंश नाही. आणि जुना बर्फ कडेला, नवा मध्यात. खाली जुनं आणि वर नवं हा गाळाचा नियम इथे लावला की सगळंच चुकतं.

उन्हाळ्याची बाजू सोपी आहे. सुमारे ११ हजार वर्षांपूर्वी पृथ्वी सूर्याच्या सगळ्यांत जवळ उत्तर गोलार्धातल्या उन्हाळ्यात यायची, आता जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात येते. अक्षाचा कलही तेव्हा २४.२ अंशांच्या आसपास होता, आता २३.४. त्यामुळे या अक्षांशांवर जूनमधला सूर्यप्रकाश आजच्यापेक्षा सुमारे ८ टक्के जास्त होता. वृक्षरेषाही तेच सांगते: उत्तर रशियात बहुतेक ठिकाणी रेडिओकार्बन वर्षांत (म्हणजे कॅलेंडरशी न जुळवलेल्या) ९,००० ते ७,००० वर्षांपूर्वीच्या काळात झाडं आजच्या समुद्रकिनाऱ्याच्या जवळपास पोचली होती, ४,००० ते ३,००० च्या सुमारास मागे हटून आजच्या जागी आली. पुढे उन्हाळा थंडावत गेला.

हिवाळ्याच्या अर्ध्या वर्षात गणित उलटं. ऐन हिवाळ्यात ७२ अंशांवर सूर्यच नसतो, पण थंड ऋतूच्या दोन्ही टोकांना मिळणारा प्रकाश होलोसीनभर हळूहळू वाढला, आणि जोडीला कार्बन डायऑक्साइड सुमारे २६० पीपीएमवरून औद्योगिक काळाआधी २८० पर्यंत चढला. लेना त्रिभुज प्रदेशातल्याच पाचरींवर २०१५ मध्ये नेचर जिओसायन्समध्ये प्रसिद्ध झालेलं काम गेल्या सुमारे ७,००० वर्षांत हिवाळे उबदार होत गेल्याचं दाखवतं. तुमचा आलेख त्याच्याशी जुळतोय. जागतिक पातळीवर जे होलोसीन तापमानाचं कोडं म्हणून ओळखलं जातं, की पुरावे थंडावा दाखवतात आणि प्रारूपं उबारा, त्याचा एक मोठा भाग हाच असावा असं माझं मत: आपले बहुतेक पुरावे उन्हाळी आहेत.

एवढ्यावर समाधान मानू नका मात्र. तुमचा कल खरा आहे की नमुना घेतानाची करामत, हे तपासायला हवं.

कड्याचा उघडा पृष्ठभाग वितळून पुन्हा गोठलेला असतो, तेव्हा निदान काही सेंटिमीटर बर्फ तोडून मगच नमुना घेतलेला हवा. नमुने पाचरीवर आडव्या रेषेत, शिरांना काटकोनात, १० सेंमी किंवा त्याहून कमी अंतरावर हवेत. कडा पाचरीला तिरका कापत असेल तर पाचर आहे त्यापेक्षा रुंद दिसते आणि तुम्ही एकाच शिरेतून दोनदा नमुना घेता. चेनसॉ वापरला असेल तर साखळीचं तेल समस्थानिकांना फार त्रास देत नाही, पण त्याच तुकड्यातल्या सेंद्रिय कणांचं वय काढायचं असेल तर खनिज तेल म्हणजे मृत (रेडिओकार्बन संपलेला) कार्बन, वय थेट फुगतं. बर्फ बंद पिशवीत, ४ अंशांवर, रात्रभरात वितळवायचा आणि कुपी तोंडापर्यंत भरायची. वर हवा राहिली की बाष्पीभवन होऊन आकडा जड होतो. अशा गळक्या कुप्या योगायोगाने एका बाजूच्या असल्या तर छान "कल" दिसतो.

म्हणून ऑक्सिजन-१८ एकट्याने बघू नका, ड्यूटेरियमही (जड हायड्रोजन) घ्या. आलेखावर बिंदू ८ च्या उताराच्या जागतिक पर्जन्यरेषेलगत (जगभरच्या पावसा-हिमाचे बिंदू जिच्या आसपास पडतात) पडले पाहिजेत. उतार ६–७ वर आला आणि ड्यूटेरियम एक्सेस (ड्यूटेरियममधून ऑक्सिजन-१८ ची आठपट वजा करून उरणारा आकडा) ढासळला तर बाष्पीभवन, संप्लवन (बर्फाची थेट वाफ होणं) किंवा अर्धवट गोठण यांपैकी काहीतरी झालंय. पाचरीच्या दोन्ही कडांचे नमुने शेजारच्या मातीतल्या बर्फाशी देवाणघेवाण झालेले असतात. तुमच्या बाबतीत नेमके कडेचे नमुनेच सगळ्यांत जुने, म्हणजे तुमचा कल ज्यांवर उभा आहे तेच. ते गाळून आलेख पुन्हा काढा. तरीही चढ राहिला तर तो खरा.

अंशांत रूपांतर करण्याची घाई नको. रशियन साहित्यात एक सरळ नातं वापरलं जातं: पाचरीतला ऑक्सिजन-१८ प्रति हजारमध्ये जितका, तितकंच हिवाळ्याचं सरासरी तापमान, २ अंश इकडे-तिकडे, आणि त्याच्या दीडपट जानेवारीचं, ३ अंश इकडे-तिकडे. हिमयुगातल्या उणे ३० किंवा त्याखालच्या आणि होलोसीनमधल्या उणे २५ च्या आसपासच्या आकड्यांतला फरक सांगायला ते पुरेसं आहे. होलोसीनच्या आतल्या १–२ प्रति हजारच्या चढाला लावलं तर त्रुटीच आकड्याएवढी होते. शिवाय बाष्प कुठल्या समुद्रावरून आलं, तिथे समुद्रबर्फ किती होता, यानेही आकडा हलतो.

डोकीमोजणी

कायरोनोमिडची बाजू मांडतो, कारण वरच्या प्रतिसादात उन्हाळ्याचा आकडा जरा सहजच मान्य झाला.

मोजलेली डोक्याची कवचं किती आहेत? थराला ५० ही किमान मर्यादा, १०० असतील तर बरं. येदोमाच्या तळ्यातल्या खनिज गाळात ५० मिळवायला बऱ्याचदा ५ ते १० ग्रॅम ओला गाळ लागतो. मग लोक शेजारचे थर एकत्र करतात आणि काळाची बारकाई जाते. १० टक्के पोटॅशियम हायड्रॉक्साइडमध्ये ७० अंशांवर ५ ते १० मिनिटं पुरे. जास्त ठेवलं की पातळ कवचं, विशेषतः टॅनिटार्सिनी गटातली, फाटतात आणि जाड कवचांचे गट विनाकारण वरचढ दिसतात. चाळणी ९० मायक्रॉनची. कोणी १२५ ची वापरली असेल तर लहान अळ्या पाण्याबरोबर गेल्या. अर्धं डोकं अर्धंच मोजायचं.

दुसरं, तळ्याची खोली. थर्मोकार्स्ट तळं सुरुवातीला उथळ डबकं, मग खोल, मग गाळाने भरून पुन्हा उथळ. उथळ तळं हिवाळ्यात तळापर्यंत गोठतं, खोल गोठत नाही पण बर्फाखाली प्राणवायू संपतो. दोन्हींचा अळ्यांवरचा परिणाम तापमानाच्या परिणामासारखाच दिसू शकतो. उथळ पाणी उन्हात लवकर तापतं, त्यामुळे होलोसीनच्या सुरुवातीचं तुमचं "उष्ण" शिखर निव्वळ उथळ तळ्याचं असू शकेल. डायटममध्ये तळाशी राहणारे आणि तरंगणारे यांचं प्रमाण काढून खोली स्वतंत्रपणे तपासा. खोली बदलते त्याच थराशी तापमान बदलत असेल तर त्या भागावर दावा करू नका.

तिसरं, संदर्भसंच, म्हणजे आजच्या तळ्यांतल्या अळ्या आणि तिथलं तापमान यांच्या जोड्या. स्कँडिनेव्हियातल्या तळ्यांवर बेतलेलं समीकरण याकुतियाला, म्हणजे तुमच्या भागाला, लावू नका. याकुतिया आणि पूर्व रशियातल्या तळ्यांचे वेगळे संच प्रसिद्ध आहेत, ते घ्या. कुठलाही संच घेतला तरी अंदाजाची त्रुटी १ ते १.५ अंशांची असते, तेव्हा अर्ध्या अंशाच्या चढउताराला नाव देऊ नका. तुमच्या थरांतल्या किती प्रजाती संचात आहेतच, आणि आधुनिक जोड (तशाच प्रजातींचं आजचं तळं) कितपत जवळची आहे, हे प्रत्येक थरासाठी छापा.

वनस्पतींसाठी परागकण करणार असाल तर लायकोपोडियमच्या (बीजाणूंची संख्या आधीच ठाऊक असलेल्या) गोळ्या टाकून संहती (ग्रॅममागे किती कण) काढा, नुसत्या टक्क्यांवर जाऊ नका. पाइनचे परागकण शेकडो किलोमीटर उडतात, उघड्या टुंड्रात स्थानिक परागकण थोडे असले की पाइनचा टक्का आपोआप फुगतो आणि जंगल नसताना जंगल दिसतं. विलो आणि ड्रायस उलट कायम कमी दिसतात. गाळातलं प्राचीन डीएनए ही उणीव चांगली भरून काढतं, ते स्थानिक असतं. २००३ मध्ये सैबेरियाच्या पर्माफ्रॉस्टमधून सुमारे ४ लाख वर्षांपर्यंतचं वनस्पतींचं डीएनए मिळालं, आणि २०२२ मध्ये उत्तर ग्रीनलंडच्या काप कोबेनहावनमधून २० लाख वर्षांपूर्वीचं, ज्यात मास्टोडॉनपर्यंत सगळं निघालं. पण तळगाळ यांनी पानाबद्दल सांगितलं तेच इथेही: काठ कोसळला की हिमयुगातलं डीएनएही तळ्यात येतं. मॅमथ होलोसीनच्या थरात सापडला म्हणून लगेच पेपर लिहायला बसू नये.

उत्तरायण (धागाकर्ता)

सर्वांचे मनापासून आभार. कडेचे नमुने गाळून आलेख पुन्हा काढला: चढ कमी झाला, पण शिल्लक आहे. गुरुत्व-कोअर आहे, ३५ सेंमीचा, १ सेंमीचे काप आधीच केलेले. वयांसाठी पैसे मर्यादित आहेत. किती नमुने, कुठून? आणि काठ कोसळल्याचे थर वयं काढण्याआधीच ओळखता येतील का?

तळगाळ

मांडवीकाठ यांची दुरुस्ती मान्य, मी येदोमाच डोळ्यांपुढे ठेवून लिहिलं होतं.

ओळखता येतात, आणि ते आधीच करा, म्हणजे पैसे वाचतात. पूर्ण कोअर एक्सआरएफ स्कॅनरखाली घाला. पृष्ठभाग काचपट्टीने सपाट करा, पातळ फिल्म लावताना खाली हवेचे बुडबुडे ठेवू नका. टायटॅनियम आणि झिर्कोनियम-रुबिडियम गुणोत्तर एकत्र चढलं की भरड खनिज माती एकदम आली. त्याच थरांत ५५० अंशांवर चार तास जाळून सेंद्रिय भाग बघा, तो पडलेला असेल. मऊ, पाण्याने भरलेल्या वरच्या गाळात एक्सआरएफचे सगळेच आकडे खाली येतात, त्याला काठाशी जोडू नका. असे कोसळीचे थर खुणेने बाजूला काढा आणि वयासाठीचे नमुने त्यांच्या मधल्या शांत, सेंद्रिय थरांतून घ्या. ३ मीटरच्या थराची आधी अशीच चौकशी करा.

नमुने दोन हप्त्यांत पाठवा. पहिल्या हप्त्यात सहा ते आठ: तळ्याच्या गाळाचा तळ (टॅबेराइटच्या वर, स्मिअर स्लाइडवर डायटम दिसतात तिथून), वर गुरुत्व-कोअरच्या खालच्या टोकाजवळ एक, मधे साधारण मीटरला एक, आणि एका थरात जोडी. निकाल बघून उरलेले पैसे जिथे वेग बदलतो तिथे घाला. सगळे एकाच वेळी समान अंतरावर पाठवले तर नेमका बदलाचा भाग दोन नमुन्यांच्या मधे राहतो.

वय-खोली प्रारूप करताना जुनी सरसकट वयं आत घालू नका. बेकनसारखी संगणकीय प्रारूपं विक्षिप्त (इतरांशी न जुळणारं) वय दोन्ही बाजूंनी सारखंच शक्य मानतात, तुमची चूक मात्र एकाच बाजूची आहे, नेहमी जुन्याकडे. सगळी वयं एकाच दिशेने चुकली तर प्रारूप मुकाट्याने तिकडे सरकतं आणि त्रुटीपट्टा अरुंदच दाखवतं. ऑक्सकॅल या वयं बसवणाऱ्या संगणकप्रणालीत कोळशासाठी बनवलेलं विक्षिप्तता-प्रारूप एकतर्फी आहे, ते इथे जास्त शोभतं. रेडिओकार्बन वयाचं कॅलेंडर वय करायला इंटकॅल-२० हा वक्र वापरा. प्रयोगशाळेचा क्रमांक, मूळ रेडिओकार्बन वय आणि कोणती वनस्पती, हे तिन्ही तक्त्यात द्या, पुढच्याला पुन्हा गणित करता आलं पाहिजे.

१ सेंमीचे काप चालवून घ्या, सिझियमचं शिखर सापडलं तर निदान पृष्ठभाग शाबूत आहे एवढं कळेल.

पाचर_१८

पाचरीच्या वयांबद्दलही विचारायचं राहिलं तुमचं. बर्फातली पानं, मुळांचे तुकडे, लेमिंग या उंदरासारख्या प्राण्याच्या लेंड्या चाळून वेचा आणि त्यांचं वय काढा. तड्यात वरून जुनी माती पडू शकते, म्हणून इथेही एकाच शिरेतून दोन वयं. कण नसतील तर बर्फात विरघळलेल्या सेंद्रिय कार्बनवर वय काढता येतं. त्यासाठी पाणी काचेच्या कुपीत, जाळून घेतलेल्या काचतंतूंच्या गाळणीतून. मध्यातल्या सगळ्यांत नव्या शिरेत ट्रिटियम (अणुचाचण्यांतून पसरलेला किरणोत्सारी हायड्रोजन) आहे का बघा. असेल तर ती शीर १९५० च्या दशकानंतरची, आणि तिचा ऑक्सिजन-१८ जवळच्या वेधशाळेतल्या हिवाळी हिमाशी ताडून पाहता येतो.

मांडवीकाठ

एक अवांतर, पण उपयोगी. थर्मोकार्स्ट तळी बहुतेक होलोसीनचीच असतात, त्यापलीकडे ती नेत नाहीत. लांबचा पल्ला हवा असेल तर रशियाच्या ईशान्य टोकाच्या चुकोत्कातलं एल्गिगित्गिन तळं. लोणारसारखंच उल्कापाताचं विवर, फक्त ३६ लाख वर्षांपूर्वीचं, तळं १२ किलोमीटर रुंद आणि सुमारे १७० मीटर खोल. त्यावर हिमचादर कधी चढलीच नाही, म्हणून गाळ खरवडला गेला नाही. २००९ मध्ये तळ्यावरच्या बर्फावरून वेधन करून ३१८ मीटर गाळ मिळाला. तिथे रेडिओकार्बन निरुपयोगीच. पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राच्या उलटापालटी धरून वयं बसवली. आणि तिथलाही एक धडा तुमच्या कामाचा: थंड काळात वर्षभर बर्फाने झाकलेल्या तळ्यात प्राणवायू संपून मॅग्नेटाइट विरघळलं, त्यामुळे चुंबकीय ग्रहणशीलता (गाळ चुंबकाला किती प्रतिसाद देतो ते) घसरली. तुमच्या कोअरमध्ये ती कमी दिसली तर काठाची माती कमी आली असं लगेच म्हणू नका. शेजारी टायटॅनियमचा आलेख ठेवा. टायटॅनियम तसंच असेल आणि ग्रहणशीलताच पडली असेल तर कारण तळ्याच्या तळाशी आहे.